काट्याचा नायटा



'काट्याचा नायटा होणे' हा वाक्प्रचार आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. क्षुल्लक गोष्टीकडे दुर्लक्ष केले म्हणजे ती पुढे केवढे रूप धारण करते, हे सांगण्यासाठी आपल्या पूर्वजांनी पायात मोडलेल्या काट्याचा दाखला घेतला, यात नवल नाही. आपला जिल्हा बाभळीचा आणि बोरीचा मुलूख आहे. पाथर्डी, जामखेड, कर्जत या बाजूला अनवाणी चार पावले टाकणाऱ्याला काट्याची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या पाटाखालच्या भागात काटे कमी, पण तेथे ऊस आहे. आणि उसाच्या पाचटाची धार ज्याच्या हातापायांवरून फिरली आहे, त्याला ती ब्लेडहून कमी वाटत नाही.

वैद्यकाच्या कसोटीवर घासून पाहिला तर मात्र हा वाक्प्रचार किंचित चुकतो. नायटा हा बुरशीचा रोग. तो काटा मोडल्याने होत नाही; नायटा झालेल्या माणसाच्या वा जनावराच्या अंगाला अंग लागले, त्याचा टॉवेल वापरला, म्हणजे होतो. काट्याचे होते ते गळू, काट्याचे होते ते धावरे, आणि दैव फिरलेच तर काट्याचा धनुर्वात होतो. हे सारे उद्योग बुरशीचे नव्हेत, जंतूंचे. परंतु म्हणीमागचा अनुभव सोळा आणे खरा आहे. टाचेत मोडलेल्या एका काट्यापायी गुडघ्याखालून पाय कापावा लागल्याची उदाहरणे शस्त्रक्रियेच्या विभागात काम करणाऱ्या कोणाही डॉक्टरला विचारा, तो तुम्हांला सांगेल. आज आपल्याला त्या काट्याचा टाचेपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचा प्रवास पाहावयाचा आहे; आणि तो वाटेत कोठे कोठे अडविता येतो, हेही पाहावयाचे आहे.

तट आणि खिंडार

आधी कातडीविषयी दोन शब्द. प्रौढ माणसाच्या अंगावरील सगळी कातडी उलगडून पसरली तर ती दीड ते दोन चौरस मीटर भरेल. तिचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. हा थर सतत झडत असतो, आणि झडताना आपल्याबरोबर वर बसलेले जंतूही घेऊन जातो. कातडीचा पृष्ठभाग कोरडा आणि किंचित आंबट असतो; त्यामुळे बहुतेक जंतूंना तेथे बिऱ्हाड थाटणे अवघड जाते. शिवाय कातडीवर कायमचे राहणारे काही निरुपद्रवी जंतू असतात. ते जागा अडवून बसलेले असल्याने नव्या पाहुण्याला सहजासहजी पाय ठेवता येत नाही. या तिहेरी बंदोबस्तामुळेच आपण दिवसभर धुळीत वावरूनही धडधाकट राहतो.

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्याची हकीकत तुम्ही जाणताच. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले आणि चांदबीबीने ते रातोरात बुजवून घेतले. कातडीला जखम झाली की शरीर हेच करते. रक्त साकळून खिंडारात गुठळी बसते, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी शिबंदीप्रमाणे त्या जागी धावून येतात. जखमेभोवतीची लाली, ऊब, सूज आणि ठणका ही या धावपळीचीच लक्षणे होत. थोडी लाली आणि थोडा ठणका पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. शरीर आपले काम करीत असल्याची ती खूण आहे. प्रश्न उपस्थित होतो तो खिंडार बुजण्यापूर्वी आत कोण शिरले, आणि किती संख्येने शिरले, याचा.

दोन शत्रू, दोन तऱ्हा

आत शिरणाऱ्यांत दोन जंतू प्रमुख आहेत. दोघेही गोलाकार, दोघेही साध्या डोळ्यांना न दिसणारे. परंतु दोघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

पहिल्याचा शोध लावला तो स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील अलेक्झांडर ऑग्स्टन या शल्यचिकित्सकाने. १८८० साली त्याने गळवातील पू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याला द्राक्षांच्या घडासारखे गोल जंतूंचे पुंजके दिसले. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घडाला जो शब्द आहे त्यावरून त्याने १८८२ मध्ये त्यांचे नाव 'स्टॅफिलोकॉकस' ठेवले. मराठीत त्यांना पुंजगोलाणू म्हणतात. यांतील मुख्य जात सोनेरी रंगाच्या वसाहती करते, म्हणून तिला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, असे विशेषण आहे. नाव सोन्याचे, करणी मात्र मातीची! केसाच्या मुळाशी होणारे केसतूड, मानेवरचे किंवा मांडीवरचे गळू, अनेक तोंडांची काळपुळी, डोळ्याची रांजणवाडी, बऱ्याच वेळा नखुरडेही, हे सारे याच जातीचे प्रताप.

दुसरा जंतू माळेतल्या मण्यांसारखा एकापुढे एक असा राहतो. म्हणून त्याला 'स्ट्रेप्टोकॉकस', आपल्या भाषेत मालागोलाणू, म्हणतात. धावऱ्याच्या रोग्यांपासून हा जंतू फेलायझेन नावाच्या जर्मन डॉक्टरने १८८२-८३ च्या सुमारास वेगळा काढला. धावरे, पाय सुजून लालबुंद करणारा सेल्युलायटिस, घशाची सूज, आणि एके काळी बाळंतिणींचा काळ ठरलेला सूतिकाज्वर, ही त्याची कामगिरी.

आता स्वभावातील फरक पाहा. पुंजगोलाणू असे एक द्रव्य सोडतो की ज्याने आजूबाजूचे रक्तद्रव साकळते. त्याच्याभोवती जणू कूड उभे राहते. त्या कुडाच्या आत तो, आणि बाहेरून चाल करून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, अशी घनघोर झुंज होते. मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि विरघळलेले मांस यांचा जो रबरबीत चिखल होतो तोच पू. म्हणून याचा रोग एका जागी साठतो, पिकतो, त्याला तोंड पडते.

मालागोलाणूची तऱ्हा याच्या नेमकी उलटी. तो साकळलेले रक्तच विरघळवितो, आणि पेशींना परस्परांशी जोडून ठेवणारा चिकट पदार्थही पातळ करतो. म्हणजे शरीराने बांध घालावा आणि याने तो फोडावा. म्हणून त्याच्या रोगात पू थोडा आणि पसारा फार. सकाळी घोट्याशी असलेली लाली संध्याकाळी पोटरीवर जाते. पायापासून जांघेपर्यंत तांबडी रेघ उमटते आणि जांघेत अवधाण येते. हे अवधाण म्हणजे लसीका वाहून आणणाऱ्या नळ्यांच्या वाटेवरचे नाके होय. तेथे जंतूंना अडविण्याचा प्रयत्न चालू असतो, म्हणून ते सुजते. 'काटा पायात आणि गाठ जांघेत' हे कोडे यावरून उलगडावे.

गंमत अशी की, रक्त विरघळविणारे मालागोलाणूचे हेच हत्यार पुढे माणसाने त्याच्याकडून हिसकावून घेतले. १९३३ साली अमेरिकेत त्याचा शोध लागला. त्याचेच नाव स्ट्रेप्टोकायनेज. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविण्यासाठी या औषधाने असंख्य माणसांचे प्राण वाचविले आहेत.

या फरकातून उपचाराचा एक मोठा नियम निघतो. पू साठला असेल तर त्याला वाट करून देणे हाच मुख्य उपचार. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात. मग रक्तातून जाणारे औषध तेथे पुरेसे पोचावे कसे? जुन्या आजीबाई अळशीचे गरम पोटीस बांधीत, त्यात तथ्य होते. उबेने रक्ताचा पुरवठा वाढतो आणि गळू लवकर तोंड धरते. परंतु गळू नखांनी पिळणे, न उकळलेल्या सुईने वा ब्लेडने फोडणे, यात मात्र धोका आहे. कूड आतल्या बाजूने फुटते आणि जंतू रक्तात जातात. नाक आणि वरचा ओठ या भागातील पुळी तर कधीच पिळू नये. तेथील शिरांचा संबंध मेंदूलगतच्या शिरांशी आहे, आणि अशा एका पुळीपायी जीव गमावल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. उलटपक्षी, पू नसून लाली पसरत असेल तर कापण्यासारखे काही नसते. तेथे जंतुनाशक औषध, विश्रांती आणि पाय उशीवर उंच ठेवणे हाच मार्ग.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाकातोंडाभोवती आणि पायांवर मधाच्या रंगाच्या खपल्या धरणारे फोड मुलांना होतात. त्यांत कधी पुंजगोलाणू, कधी मालागोलाणू, कधी दोघेही असतात. फोड बरे होतात आणि आई निर्धास्त होते. परंतु मालागोलाणूच्या काही जातींमुळे तीन ते सहा आठवड्यांनी मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसतो आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. ही मूत्रपिंडाची सूज होय. मूल बहुधा त्यातून बरे होते, पण त्यासाठी ते वेळेवर डॉक्टरांकडे गेले पाहिजे. 'दृष्ट लागली' म्हणून मीठमोहऱ्या ओवाळीत बसण्याची ही वेळ नव्हे.

मातीतले जंतू

वरील दोन जंतूंपैकी पहिला तर आपल्या घरातलाच. दहांपैकी सुमारे तीन माणसांच्या नाकपुड्यांत पुंजगोलाणू निमूटपणे राहत असतो, आणि बोट नाकात व तेथून खाजेवर, या मार्गाने प्रवास करतो. परंतु काही जंतू मातीत असतात, आणि शेतीच्या मुलखात त्यांची माहिती अवश्य हवी.

धनुर्वाताचा जंतू हा त्यांतला पहिला. तो मातीत आणि शेणखतात बीजरूपाने वर्षानुवर्षे पडून राहतो. त्याला हवेचे वावडे आहे. म्हणून उघड्या खरचटण्यापेक्षा खोल आणि तोंड मिटलेली जखम त्याला सोयीची. 'गंजलेले लोखंड लागले, आता धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या' असे आपण म्हणतो. दोष गंजाचा नसतो, खिळ्यावरच्या मातीचा असतो. बाभळीच्या काट्याला गंज नाही, तरी त्यानेही धनुर्वात होतो. पूर्वी बाळाची नाळ विळ्याने कापून तिला शेण किंवा राख लावीत, आणि आठवड्याच्या आत बाळ दूध ओढेनासे होऊन आकडी येऊन जाई. लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे हे संकट इतके मागे हटले, की २०१५ साली माता आणि नवजात बालके यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. निर्मूलन याचा अर्थ जंतू नाहीसा झाला असा नव्हे. तो मातीत आहेच. आपण लस टोचून घेत आहोत तोपर्यंतच तो हरलेला आहे.

त्याचाच भाऊबंद वायुकोथाचा जंतू. १९१४-१८ च्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जममधील खतावलेल्या शेतांत जखमी होऊन पडलेल्या सैनिकांच्या मांसात हा शिरला आणि त्याने अनेकांचे हातपाय घेतले. चिरडलेल्या, मातीने माखलेल्या जखमा लगेच टाके घालून बंद करू नयेत, मेलेले मांस कापून काढून जखम काही दिवस उघडी ठेवावी, हा धडा शल्यचिकित्सकांनी त्या रणांगणावर पुन्हा गिरविला. तेव्हा ट्रॅक्टरखाली किंवा मळणीयंत्रात सापडलेल्या माणसाची जखम डॉक्टरांनी शिवली नाही, तर त्यांच्यावर रागावू नका.

तिसरा जंतू सांसर्गिक काळपुळीचा. नावात काळपुळी असली तरी हा मघाच्या पुंजगोलाणूचा रोग नव्हे. तो मुळात गुराढोरांचा. एकाएकी मेलेल्या, नाकातोंडातून काळसर रक्त आलेल्या जनावराचे कातडे सोलणाऱ्याच्या हातावर न दुखणारी, मध्ये कोळशासारखी काळी पडलेली पुळी येते. रॉबर्ट कॉख याने १८७६ साली एका विशिष्ट रोगाचे कारण एक विशिष्ट जंतू आहे असे सिद्ध केले, ते याच जंतूवर. असे जनावर फाडू नये, सोलू नये. पशुवैद्याला कळवावे आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे खोल पुरावे किंवा जाळावे.

औषधाचा मोठेपणा आणि त्याची मर्यादा

आता औषधाकडे वळू. १९४१ च्या फेब्रुवारी महिन्यात ऑक्सफर्डच्या रुग्णालयात एक पोलीस शिपाई मरणाच्या दारी पडलेला होता. चेहऱ्यावरची जखम चिघळून पुंजगोलाणू आणि मालागोलाणू या दोघांनीही त्याला ग्रासले होते; एक डोळा काढावा लागला होता. फ्लेमिंगने १९२८ साली पाहिलेल्या बुरशीपासून फ्लोरी, चेन आणि त्यांचे सहकारी यांनी जे थोडेसे पेनिसिलिन तयार केले होते, ते १२ फेब्रुवारीला या शिपायाला प्रथम टोचले. एका दिवसात त्याला उतार पडला. ताप गेला, तो जेवू लागला. परंतु औषधाचा साठा इतका तुटपुंजा, की त्याच्या लघवीतून ते पुन्हा गाळून काढून त्यालाच देण्याची पाळी आली. पाच दिवसांत तेही संपले. रोग उलटला आणि १५ मार्चला तो दगावला. औषध बरोबर होते. ते पुरले नाही.

ज्या औषधाअभावी तो शिपाई गेला, तेच बनविण्यासाठी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला 'हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स' हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन आता आपल्याच मुलखात, पुण्याच्या वाटेवर तयार होऊ लागले.

दुर्दैव असे की, पुंजगोलाणू तोवर शहाणा झाला होता. पेनिसिलिन मोडून टाकणारे द्रव्य तयार करणाऱ्या त्याच्या जाती पाचव्या दशकातच रुग्णालयांतून फैलावू लागल्या होत्या. त्यावर तोड म्हणून मेथिसिलिन निघाले, तर १९६१ साली इंग्लंडात त्यालाही दाद न देणारी जात सापडली. आज तिचे वंशज जगभर आहेत. आपल्या देशातील मोठ्या रुग्णालयांच्या जाळ्यातून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद जी पाहणी करते, तिच्या अलीकडच्या अहवालांत अशा दाद न देणाऱ्या पुंजगोलाणूंचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे. याच्या उलट मालागोलाणू पाहा. धावऱ्याचा हा जंतू इतकी वर्षे लोटली तरी अजून पेनिसिलिनला शरण जातो. एकाच औषधाशी गाठ पडूनही एक जंतू शिकला, दुसरा शिकला नाही. निसर्गातील ही एक आश्चर्याची गोष्ट आहे, आणि आपल्या नशिबाची.

१९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना खुद्द फ्लेमिंगने इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेत औषध घेणारा माणूस जंतूंना मारीत नाही, शिकवीत असतो. आपण काय करतो? गळू झाले की औषधाच्या दुकानात जातो, 'चांगल्या पॉवरच्या' दोन गोळ्या मागतो, ठणका थांबला की तिसरी घेत नाही. काही जंतुनाशके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत व त्यांच्या विक्रीची नोंद ठेवावी, असा नियम २०१४ पासून लागू आहे; पण मागणारे आपणच असू तर नियम एकटा काय करील? तीच गोष्ट तिहेरी मलमांची. खाज लगेच थांबते, कारण त्यात स्टेरॉइड असते. त्याने कातडीची प्रतिकारशक्ती मंदावते आणि नायटा किंवा पू आतल्या आत माजतो.

पाणी, साबण आणि जामखेड

कोणाला वाटेल की, औषधे अशी निकामी होत असतील तर पुढे काय? त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यानेच जगाला दिलेले आहे.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी ज्या तालुक्यात, तोच हा अवर्षणाचा तालुका. त्यांनी रुग्णालय काढले, पण लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, रुग्णालयात येणारी बहुतेक दुखणी गावातच टळण्यासारखी आहेत. मग त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. त्यांतील कित्येक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील. त्या आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावात जाऊन शिकवीत. जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने कशी धुवावी, खरूज झाली तर एकट्या मुलाला नव्हे तर घरातील सर्वांना एकाच वेळी औषध का लावावे, नाळ निर्जंतुक ब्लेडनेच का कापावी, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा कसा ओळखावा, या गोष्टी त्यांच्या तोंडून गावाने ऐकल्या. त्या भागात १९७१ साली जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा आकडा तिसाच्या आत आला. याचे श्रेय एकट्या साबणाला नाही. अन्न, पाणी, लस, बायकांचे धैर्य, या सर्वांचे ते फळ आहे. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

येथे खरजेचा उल्लेख मुद्दाम केला. खरूज हा किड्याचा रोग. पण खाजवून पडलेल्या ओरखड्यांतून वरील दोन्ही जंतू आत शिरतात. मुलाच्या अंगावरील पुवाच्या फोडांमागे पुष्कळदा खरूज दडलेली असते, आणि ती गेल्यावाचून फोड जात नाहीत.

आणि खरजेमागे काय दडलेले असते? पाण्याची टंचाई. १९७२ साली, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाच्याच साली, पूर्व आफ्रिकेतील घरगुती पाण्याविषयी एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोगांचा एक नवा वर्ग मांडला होता: घाणेरडे पाणी प्यायल्याने होणारे रोग निराळे, आणि धुण्यास पुरेसे पाणी नसल्याने होणारे निराळे. कातडीचे रोग या दुसऱ्या वर्गातले. हे आपल्या आयाबहिणींना पुस्तकावाचून ठाऊक आहे. टँकर आठ दिवसांनी आला की आधी तुटते ती मुलांची आंघोळ, मग कपड्यांचे धुणे. प्यायचे पाणी सर्वांत शेवटी. त्वचारोग म्हणजे गलिच्छपणा, असे म्हणून गरिबाला हिणविणारांनी त्याच्या रांजणात आधी डोकावून पाहावे. थोडे पाणी आणि साधा साबण यांचा प्रभाव केवढा, हे कराचीच्या झोपडवस्त्यांत झालेल्या प्रयोगाने दाखविले आहे. २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत साबण देऊन हात धुण्याची सवय लावली, त्या घरांतील मुलांत वर सांगितलेले मधाच्या रंगाचे फोड ३४ टक्क्यांनी कमी झाले. तो साबणही कोणत्याही खास जंतुनाशकाचा असण्याची गरज नव्हती. साधा साबणही तितकाच उपयोगी ठरला.

न दुखणारा पाय

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक होते. १९४६ नंतर त्यांनी कुष्ठरोग्यांचे हातपाय बारकाईने तपासले. कुष्ठरोगात बोटे 'झडतात' असा सार्वत्रिक समज होता. ब्रँडनी दाखवून दिले की, ती रोगाने आपोआप झडत नाहीत. रोगामुळे नसा मरतात, वेदना कळेनाशी होते. मग चटका बसतो, खिळा रुततो, चपलेत खडा राहतो. माणूस तसाच चालत राहतो. जखमेत आपले नेहमीचेच जंतू शिरतात आणि हाडापर्यंत पोचतात. वेदना हा शाप नसून राखणदार आहे, ही गोष्ट त्या रोग्यांच्या पायांनी वैद्यकाला शिकविली. वेदना नसेल तर डोळ्यांनी तिचे काम केले पाहिजे, रोज तळवे पाहिले पाहिजेत, मऊ रबराचे पायताण वापरले पाहिजे, हे त्यातून निघाले.

तोच धडा आज मधुमेह्यांना लागू पडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. तेव्हा या सभागृहातही त्यांची संख्या थोडी नसणार. मधुमेहात वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद घटते. म्हणजे राखणदार झोपलेला, रस्ता बंद आणि शिबंदी अर्धपोटी. अशा किल्ल्याला एक काटा पुरतो. शिर्डीला किंवा मोहटादेवीला अनवाणी चालत जाण्याचा नवस आपल्याकडे पुष्कळ जण बोलतात. श्रद्धेविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु बधिर पायाच्या मधुमेह्याने उन्हाने तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालणे म्हणजे जंतूंना आमंत्रण देणे होय. पायताण घालून चालल्याने देव रागावेल असे मला वाटत नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

जखम झाली की वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने चांगली धुवा. त्यावर शेण, तंबाखू, चुना, राख यांपैकी काहीही लावू नका. काटा निघाला नाही तर सुईने टोकरत बसण्यापेक्षा तो काढून घ्या. धनुर्वाताची लस केव्हा घेतली हे आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा.

लाली पसरते आहे असे वाटले तर तिच्या कडेने पेनने रेघ ओढा आणि घड्याळ पाहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, रुग्ण गुंगीत बरळू लागला, कातडी जांभळी वा काळी पडली, फोड आले, किंवा दिसणाऱ्या जखमेच्या मानाने वेदना असह्य वाटू लागली, तर रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नका. कातडीखालच्या पडद्यातून वणव्यासारखा पसरणारा एक प्रकार असतो. त्यात तास मोजावे लागतात आणि शस्त्रक्रियेला पर्याय नसतो.

जंतुनाशक औषध डॉक्टरांनी सांगितले तरच घ्या, आणि सांगितले तितके दिवस घ्या. मधुमेह असेल तर रोज रात्री निजण्यापूर्वी तळवे पाहा. वाकवत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवाला पाहावयास सांगा. त्यालाही त्यातून एक चांगली सवय लागेल.

ऑक्सफर्डच्या त्या शिपायाला औषध पुरले नाही. आपल्याला ते सध्या तरी पुरते आहे. पण ते पुरवून वापरणे, आणि त्याची गरजच कमी पडेल असे वागणे, हे आपल्या हातांत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या कोपीवर साबणाची वडी आणि घागरभर जादा पाणी असेल, आणि तिच्या पायांत धड पायताण असेल, तर तिच्यापुरता तरी काट्याचा नायटा होणार नाही. तेवढी व्यवस्था करणे हे एकट्या डॉक्टरांचे काम नव्हे. ते कारखान्यांचे, ग्रामपंचायतींचे आणि तुम्हा-आम्हा सर्वांचे काम आहे.